उपमा कोठे संपते आणि रूपक कोठे लागते?

ज्ञानेश्वरी वाचताना पुष्कळांना एक एवढासा शब्द अडवतो, तो म्हणजे 'कां'. आमच्याकडे वाचन चालू असता एक वयस्कर माळकरी मध्येच म्हणाले, "अहो, माउली सारखी 'कां, कां' म्हणून कुणाला विचारते?" हसू आलं खरं, पण शंका रास्त होती. आज 'का' म्हटलं की आपण प्रश्न समजतो. माउलींच्या मराठीत मात्र तो बऱ्याच ठिकाणी 'किंवा' या अर्थी येतो. 'नातरी' हा त्याचाच भाऊ. एका उपमेने समाधान झालं नाही, म्हणून दुसरी, मग तिसरी. अशा माळेला शास्त्रकार मालोपमा म्हणतात.

'आईचे मन लोण्यासारखे मऊ' असे म्हटले तर मन हे उपमेय, लोणी हे उपमान, मऊपणा हा साधारण धर्म आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. माउलींकडे तिथे 'जैसे', 'सारिखे' असे शब्द दिसतील. दोन वस्तू जवळ येतात, पण दोनच राहतात.

रूपकात तो 'सारखा' गळून पडतो. पहिल्या अध्यायातले गणेशवंदन काढून पाहा. तेथे शब्दब्रह्म हाच गणपती. अठरा पुराणे त्याचे अलंकार, सहा दर्शने त्याचे हात, तर्क परशू, वेदान्त मोदक. अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक. अंगे जुळवीत सबंध मूर्ती उभी केली, म्हणून हे सांग रूपक. ('सांग' म्हणजे अंगांसहित, सांगणे नव्हे!)

इथे मनातल्या मनात 'जणू' घालून वाचणारे फार. आमच्या मते तेवढ्याने घात होतो. दर्शनांची मते परस्परांत जुळत नाहीत, म्हणून हातांत आयुधेही निरनिराळी, असे माउली सांगतात. दर्शने नुसती हातांसारखी म्हटली, तर त्यांचे भांडण तसेच राहिले. तेच हात म्हटले, की भांडणारे सहाही एकाच देहाचे झाले! हे 'जणू'त कसं मावावं?

माळकरीबुवांनी लगेच विचारलं, "मग नाथांचा विंचू?" तेही रूपकच. काम-क्रोध विंचवासारखे, असे नाथ म्हणत नाहीत, तोच विंचू. उतारा म्हणून अंगारा लावायचा, तोही सत्त्वगुणाचा.

दृष्टांताची गोष्ट निराळी. तेथे दोन स्वतंत्र वाक्ये शेजारी उभी असतात आणि त्यांतले साम्य श्रोत्याने ओळखायचे असते. त्याला जागा लागेल. तो पुढील अंकी घेऊ.