ऊन, काळी कातडी आणि न भरणारी जखम

फुलपाड्यातल्या आपल्या घरांतून सकाळी माणसे बाहेर पडतात, ती बरीचशी उन्हातल्या कामाला. कुणी बांधकामावर बिगारी, कुणी भाजीच्या गाडीवर, कुणी झाडलोटीला. त्यामुळे एक प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो. "उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो म्हणतात. मग आम्हाला तो केव्हाच व्हायला हवा होता!"

प्रश्न रास्त आहे. उन्हातील अतिनील किरणे कातडीच्या पेशींना इजा करतात, आणि वर्षानुवर्षांच्या इजेतून कॅन्सर होऊ शकतो. म्हणूनच गोऱ्या लोकांच्या ऑस्ट्रेलियात हा रोग फार आढळतो. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य भरपूर असते. ते ही किरणे अडवते, म्हणून आपल्याकडे हा रोग कमी. ज्या रंगावरून आपल्या मुलींना टोमणे ऐकावे लागतात, तो रंग म्हणजे कातडीची ढाल आहे. गोरे करणाऱ्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड किंवा पारा असतो. त्याने कातडी पातळ होते आणि ऊन अधिक बाधते. पैसे देऊन आपलीच ढाल कशाला मोडायची?

पण ही ढाल सगळीकडे सारखी नाही. म्हणून तीन जागा नीट पाहा.

पहिली जागा : तळपाय, तळहात आणि नखे. येथे रंग कमी असतो. सावळ्या लोकांतील मेलॅनोमा हा घातक कॅन्सर बहुधा येथेच होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. पोरांच्या टी-शर्टवर दिसणारे जमैकाचे गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. आधी ती फुटबॉल खेळतानाची इजा वाटली. १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले.

दुसरी जागा : भाजल्याचा जुना व्रण आणि बरी न होणारी जखम. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेली जागा, मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पायाला पडलेली जुनी जखम, यांत वीस-तीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो. जुना व्रण पुन्हा फुटला, त्यातून रक्त किंवा घाण वास येऊ लागला, तर नुसते मलम लावत बसू नका.

तिसरी जागा : कंबर. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. परकराच्या नाडीनेही तसेच होते. असे क्वचितच घडते, पण कमरेवरचा काळा, खरबरीत पट्टा पुष्कळ आयाबहिणींना असतो. नाडी रुंद घ्या, सैल बांधा, रोज थोडी वरखाली बांधा. तेथे जखम झाली तर दाखवा.

मग उन्हाची काळजी सोडून द्यायची का? नाही. खालचा ओठ, कान, मान आणि डोळे यांना ऊन बाधतेच. अंगावर कोड असेल तर त्या जागी रंग नसतो, ती लवकर भाजते. जन्मतःच अंगात रंग नसलेल्या, केस-कातडी पांढरी असलेल्या मुलांना तर धोका फार मोठा आहे. त्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी हवीच.

ऊन ओळखण्याची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक. अशा वेळी शक्य तर सावलीतले काम घ्या. काम टळत नसेल तर घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि कान-मान झाकेल असा पंचा किंवा ओढणी घ्या. महागड्या क्रीमपेक्षा कापड बरे. आभाळ आले तरी ही किरणे येतात. मात्र मुलांना घरात कोंडू नका. हाडांसाठी लागणारे ड जीवनसत्त्व उन्हातूनच मिळते आणि सावळ्या कातडीला त्यासाठी ऊन जास्त वेळ लागते.

दाखवायचे केव्हा? चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारी गाठ, रंग-आकार बदलणारा तीळ, नखाखाली मार न लागता आलेला किंवा रुंदावणारा काळा पट्टा, यांपैकी काहीही दिसले तर सरकारी दवाखान्यातील चर्मरोग विभागात जा. डॉक्टर तुकडा काढून तपासतील. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही समजूत खोटी आहे. पसरतो तो उशीर केल्याने. लवकर सापडला तर बहुतेकदा छोट्या शस्त्रक्रियेने सुटका होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, तेव्हा रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

आपली पाठ आणि तळपाय आपल्याला दिसत नाहीत. येत्या रविवारी विहारातून वंदना करून घरी आलात, की आजी-आजोबांचे पाय धुऊन उजेडात नीट पाहा. मग स्वतःचे त्यांना दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे.