ज्यूरीच्या बाकावर बसशील तेव्हा

छकुले,

लंडनला जाऊन तीन महिने झाले आणि अजून एकही नाटक पाहिलं नाहीस? अगं, दोन वेळा बाहेर जेवायचं टाळ, पण काउंटी हॉलमधलं ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ बघून ये. वॉटर्लूला उतरलीस की चालत दहा मिनिटं.

कोर्टाची नाटकं आपल्याला काही नवी नाहीत. ‘तो मी नव्हेच’ बघतच आपण मोठ्या झालो. पण इथे कोर्ट रंगमंचावर नसतं, तूच कोर्टात जाऊन बसतेस. लंडनचा कारभार जिथून चालायचा, ती ही इमारत. 1922 मध्ये पाचव्या जॉर्जने तिचं उद्घाटन केलं. 1986 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलच मोडीत निघाली आणि सभागृह मुकं झालं. 2017 च्या ऑक्टोबरपासून त्याच सभागृहात अगाथा ख्रिस्तीचा हा खटला उभा राहतो. संगमरवरी खांब, जड लाकूडकाम, सभासदांच्या ऐसपैस खुर्च्या. नेपथ्यकाराचं निम्मं काम इमारतीनेच करून ठेवलंय.

परवडलं तर तिकीट ज्यूरीच्या जागेचं काढ. बारा प्रेक्षक तिथे बसतात आणि वकील त्यांच्याकडे बघून बोलतात. आधी गंमत वाटते. मग आठवतं, नाटक 1953 चं आहे. तेव्हा इंग्लंडात खून शाबित झाला की शिक्षा एकच, फाशी. समोर पिंजऱ्यात लेनर्ड व्होल नावाचा देखणा, गरीब चेहऱ्याचा तरुण. एका श्रीमंत, वयस्क बाईच्या खुनाचा आरोप त्याच्यावर, आणि तिच्या मृत्युपत्रात नाव त्याचंच. त्याची बायको जर्मन. महायुद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झालेली, म्हणजे तिने तोंड उघडायच्या आधीच तिच्याबद्दल निम्म्या लोकांचं मत तयार!

पुढचं मी मेले तरी सांगणार नाही. तूही गूगल करू नकोस. फक्त एवढंच सांगते, ती साक्षीला उभी राहिली तेव्हा माझ्या शेजारच्या आजी चॉकलेटचा कागद उलगडत होत्या. तो अर्धा उलगडलेला कागद त्यांच्या बोटांत तसाच राहिला. साक्ष संपली आणि मगच तो चुरचुरला.

आता खरं हितगुज. त्या संध्याकाळी मी पुराव्यांकडे लक्ष देतेय असं मला वाटत होतं. घरी येताना कळलं, मी चेहरे बघत होते. कोण नम्र बोलतो, कोणाचे उच्चार परके, कोण रडतं, कोण रडत नाही, यावर माझा निकाल केव्हाच लागला होता. लंडनमधल्या माझ्या पहिल्या वर्षी खोली शोधताना माझं हेच झालं होतं. छान इस्त्रीचा कोट, गोड बोलणं, ‘माय डिअर’ वगैरे. दिलं डिपॉझिट, आणि ते गेलं. ज्या मालकिणीचं बोलणं तुसडं वाटलं म्हणून तिची खोली सोडली, तिने पहिल्याच भेटीत सगळं कागदावर लिहून दिलं होतं. आईबाबांना हे अजून माहीत नाही, तूही सांगू नकोस.

आणि हे दोन्ही बाजूंनी असतं गं. तुझे उच्चार ऐकून तुझ्याबद्दलही कोणी ना कोणी मनात निकाल देतच असेल. त्याने खचू नकोस. पण तू बाकावर असशील तेव्हा तेच करू नकोस. आपल्या मुंबईत 1959 मध्ये नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्या रुबाबदार नौदल अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं होतं. पुढे हायकोर्टाने त्याला दोषी धरलं आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. त्या आठांपेक्षा आपण शहाण्या, असं समजायचं काही कारण नाही.

म्हणून एक कर. मध्यंतरात मला मेसेज टाक, दोषी की निर्दोष, आणि कशावरून. शेवट बघून सांगितलेलं मी धरणार नाही.

तुझी,
ताई