टिंपनी : वाद्यवृंदातील सस्वर नगारा

पाश्चात्त्य वाद्यवृंदात टिंपनीचे स्थान सर्वांत मागे असते. परंतु तिच्या एका आघाताने पुढे चाललेल्या साऱ्या वादनाचा अर्थ पालटू शकतो. याचे कारण केवळ तिच्या नादाच्या मोठेपणात नाही. वाद्यवृंदातील ढोल, झांजा इत्यादी वाद्यांना निश्चित स्वर नसतो. टिंपनी मात्र स्वरात लावली जाते. लय सांभाळीत असतानाच ती स्वरसंगतीचा पायाही सांभाळते. हे दुहेरी दायित्व ध्यानात घेतल्याखेरीज तिचे वादन आणि तिच्यासाठी केलेली रचना यांचा उलगडा होत नाही.

भारतीय वाचकाला हे वाद्य वाटते तितके परके नाही. ज्या अरबी ‘नक्कारा’ शब्दापासून मराठीतील ‘नगारा’ सिद्ध झाला, त्याच शब्दाची रूपे मध्ययुगीन फ्रेंच व इंग्रजी भाषांत लहान जोडनगाऱ्यांसाठी रूढ होती. हे नगारे तेराव्या शतकात, धर्मयुद्धांच्या काळातील संपर्कातून, पश्चिम युरोपात पोहोचले. घोड्याच्या पाठीवर दोहों बाजूंस बांधावयाचे मोठे नगारे त्यानंतर पूर्वेकडून आले. 1457 मध्ये हंगेरीच्या राजाचे शिष्टमंडळ असे नगारे घेऊन फ्रान्समध्ये गेले होते. आपल्याकडे नगारखाना आणि नौबत ही जशी सत्तेची चिन्हे, तशीच तेथे नगारा व ट्रंपेट ही जोडी राजवैभवाची खूण ठरली. वाद्यवृंदात आल्यावरही ही जोडी दीर्घकाळ टिकली. बाखच्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’चा (1734) आरंभ टिंपनीच्या आघातांनीच होतो.

तांब्याच्या अर्धगोलाकार भांड्यावर ताणलेले कातडे स्वर कसा देते, हा प्रश्न उद्बोधक आहे. ताणलेल्या वर्तुळाकार पटलाची नैसर्गिक कंपने साध्या प्रमाणात नसतात, त्यामुळे त्यातून एरवी स्पष्ट स्वर निघत नाही. तबला व मृदंग यांत पुडीवर शाई देऊन हा दोष दूर केला जातो; त्यामागील विज्ञान चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये व पुढे 1934 मध्ये विशद केले. टिंपनीवर शाई नसते. तेथे पटलाबरोबर हलणाऱ्या हवेचा भार कंपनांची गती बदलतो, आणि मुख्य स्वर, त्याचा पंचम व वरचा षड्ज हे साधारणतः 2 : 3 : 4 या प्रमाणात येतात. मात्र त्यासाठी आघात योग्य जागी, म्हणजे काठापासून मध्याकडे सुमारे एक चतुर्थांश अंतरावर, व्हावा लागतो. अगदी मध्यावर टिपरी पडली तर स्वर हरपतो आणि बद्द आवाज तेवढा उरतो. एकच साध्य दोन परंपरांनी भिन्न मार्गांनी साधले, असे येथे म्हणता येईल.

वादकाच्या साधनेत हातापेक्षा कानाचे महत्त्व अधिक आहे. वाद्यवृंद एका स्वरात वाजत असताना त्याला पुढील भागासाठी नगारा दुसऱ्या स्वरात लावावा लागतो. पुडीवर बोटाने हलकेच टिचकी मारून किंवा तिच्याजवळ तोंड नेऊन तो स्वर गुणगुणून तो त्याची पारख करतो. लांब स्वरासाठी दोन्ही टिपऱ्यांचे जलद आघात एकाआड एक करावे लागतात; त्यास ‘रोल’ म्हणतात. टिपरीच्या टोकास मऊ नमदा आहे की नुसते लाकूड, यावर नादाचा पोत ठरतो. तितकीच महत्त्वाची क्रिया म्हणजे नाद थांबविणे. रचनेत विराम आला की वादक बोटांनी पुडी हलकेच दाबून गुंजन शमवितो. विराम न पाळणारा वादक इतरांचे स्वर गढूळ करतो.

अठराव्या शतकातील रचनाकाराला सामान्यतः दोनच नगारे मिळत : एक षड्जाचा आणि दुसरा पंचमाचा. स्क्रू फिरवून स्वर बदलण्यास वेळ लागे. म्हणून रचना दूरच्या स्वरांत गेली की टिंपनी गप्प राही. श्रेष्ठ रचनाकारांनी या मर्यादेलाच अर्थ दिला. हायडनच्या 103 व्या सिंफनीचा (1795) प्रारंभ टिंपनीच्या रोलने होतो. बेथोव्हनच्या व्हायोलिन कंचेर्टोत (1806) आरंभीचे चार आघात टिंपनी एकटीच करते. तीच लय पुढे संपूर्ण पहिल्या भागात बीजासारखी पसरते. ‘फिडेलिओ’ या संगीतिकेतील अंधारकोठडीच्या दृश्यात दोन नगारे षड्ज-पंचमाऐवजी षड्ज व तीव्र मध्यम यांच्या अंतरावर लावलेले आहेत; भयाची छाया स्वरमेळातच उतरते. नवव्या सिंफनीच्या (1824) दुसऱ्या भागात तंतुवाद्ये प्रथम षड्ज, मग पंचम देतात आणि त्यांच्यामधील कोमल गंधार टिंपनी एकटी वाजविते. भागाचा भाव निश्चित करणारा स्वर बेथोव्हनने नगाऱ्याकडे सोपविला आहे.

एकोणिसाव्या शतकात संख्या वाढली, आणि यंत्रही सुधारले. बर्लिओझने ‘सिंफोनी फांतास्तिक’च्या (1830) तिसऱ्या भागाच्या अखेरीस चार वादकांकडून दूरचा मेघगर्जनेचा ध्वनी निर्माण केला, इंग्लिश हॉर्नच्या सादेला तेथे दुसरे उत्तर मिळत नाही. त्याच्या ‘रेक्विएम’मध्ये (1837) सोळा नगारे आहेत. 1881 मध्ये कार्ल पिट्रिच याने ड्रेस्डेन येथे पायाने चालणारी पेडल-रचना सिद्ध केली आणि क्षणात स्वर बदलणे शक्य झाले. बार्टोकने 1936 मधील ‘तंतुवाद्ये, आघातवाद्ये व चेलेस्टा यांसाठी संगीत’ या कृतीत टिंपनीकडून चक्क मींड काढली.

येथे एक गंभीर प्रश्न उद्भवतो. आज पेडल हाताशी असताना, जुन्या रचनांत टिंपनी जेथे नाइलाजाने गप्प आहे किंवा विसंगत स्वर वाजविते, तेथे तिचे स्वर दुरुस्त करावेत काय? काही संचालकांनी तसे केले आहे. रचनाकाराला साधन मिळाले असते तर त्याने तेच लिहिले असते, हा त्यांचा युक्तिवाद. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्यात एक गोष्ट निसटते. दूरच्या स्वरांत भटकंती चालू असताना टिंपनी मौन धरते, म्हणूनच मूळ षड्ज परत येताच तिचा आघात श्रोत्याला स्वगृही आल्याची जाणीव करून देतो. मधल्या जागा भरून काढल्या तर ती जाणीव क्षीण होते. विसंगत स्वर क्वचित बदलावा. मौन मात्र सहसा मोडू नये.

नव्याने रचना करणाऱ्यासही यातून बोध घेण्याजोगा आहे. पेडलमुळे टिंपनीला पुष्कळ स्वर लाभले, तरी प्रत्येक नगाऱ्याचा सोयीचा पल्ला सुमारे पंचमाइतकाच असतो आणि स्वर बदलून तपासण्यास वादकाला अवकाश लागतोच. तो अवकाश रचनेतच ठेवणारा रचनाकार हे वाद्य जाणतो. कोणता स्वर द्यावा याइतकेच कोठे काहीही देऊ नये, याचा विवेक टिंपनीच्या रचनेत निर्णायक ठरतो.