पाण्यातला किल्ला

मंडळी, आपला रत्नागिरी जिल्हा समुद्राच्या कडेने बसलेला आहे. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, जयगड, पूर्णगड हे किल्ले तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. आज आपण थोडे उत्तरेला, रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला जाऊ. तिथे राजापुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला आहे. (ही राजापुरी वेगळी आणि आपले राजापूर वेगळे, बरे का.) एका मोठ्या राज्याने हे लहानसे बेट घेण्यासाठी पिढ्यान् पिढ्या धडपड केली, तरी ते हाती आले नाही. असे का झाले? आणि त्या भांडणाची किंमत कोणी मोजली? हे दोन प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

बेट आणि त्याचे धनी

अरबी भाषेत बेटाला जझीरा म्हणतात. त्यावरूनच जंजिरा हे नाव आले. आधी तिथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. पुढे ते बेट अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले आणि तिथल्या कारभारावर सिद्दी सरदार आले. सिद्दी म्हणजे हबशी. त्यांचे वाडवडील आफ्रिका खंडातून, हबसाणातून, इकडे आलेले. कोणी गुलाम म्हणून आले, कोणी शिपाई म्हणून, कोणी खलाशी म्हणून. हुशारीने आणि हिमतीने ते वर चढले. नावाला ते कधी निजामशहाचे चाकर, कधी आदिलशहाचे, पुढे मोगल बादशहाचे. पण बेटावर हुकूम चाले तो त्यांचाच. त्यांची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बापामागून मुलगाच गादीवर बसेल असे सुरुवातीला नसे. जो दर्यावरचा सर्वांत करता माणूस, त्याला ते पुढे करीत.

शिवाजी महाराजांची धडपड

1657 च्या पुढे महाराजांचे राज्य कोकणात उतरले. किनारा हाती आला, पण समोर पाण्यात सिद्दी बसलेला. त्याची गलबते अचानक येत, गावे लुटत, माणसे धरून नेत आणि गुलाम म्हणून विकत. रयत सुखाने नांदावी तर हा शेजार आवरायलाच हवा होता. म्हणून महाराजांनी आरमार उभे केले. त्यात कोळी होते, भंडारी होते, मुसलमानही होते. आरमाराचा एक मोठा अधिकारी दौलतखान होता. तेव्हा हे भांडण धर्माधर्माचे होते असे कोणी सांगितले, तर ते खरे मानू नका. भांडण होते समुद्रावर हुकूम कोणाचा, याचे.

1670 च्या सुमारास बेट जवळजवळ हाती आले होते. किल्लेदार फत्तेखान थकला आणि तहाला तयार झाला. पण त्याच्याच सोबत्यांनी त्याला कैद केले आणि औरंगजेब बादशहाकडे मदत मागितली. बादशहाला हेच हवे होते. त्याने सिद्दीला आपल्या आरमाराचे काम दिले, पैसा दिला, याकूतखान हा किताब दिला. लहान बेटाच्या पाठीशी आता एक प्रचंड बादशाही उभी राहिली. थोड्याच काळात, शिमग्याच्या दिवसांत, सिद्दीने किनाऱ्यावरचा दंडाराजपुरीचा कोट महाराजांच्या माणसांकडून परत घेतला.

मग महाराजांनी दुसरा उपाय केला. जंजिऱ्याजवळच, कासा नावाच्या खडकावर, पद्मदुर्ग बांधायला घेतला. शत्रूच्या दारातच आपले ठाणे!

प्रभावळीचे पत्र

या पद्मदुर्गाला धान्य आणि पैसा पुरवण्याचे काम प्रभावळीच्या सुभेदाराकडे होते. आपल्या लांजे तालुक्यात प्रभानवल्ली गाव आहे ना, तेच हे ठिकाण. जिवाजी विनायक हे तिथले सुभेदार. माल वेळेवर गेला नाही. समुद्रात आरमाराचे लोक आणि बांधकामाचे मजूर खोळंबले. तेव्हा जानेवारी 1675 मध्ये महाराजांनी सुभेदाराला फार कडक पत्र लिहिले. हबशाने तुम्हाला काही देऊन आपले चाकर केले की काय, असा त्यांचा रोख होता. ब्राह्मण म्हणून कोणाची गय होणार नाही, हेही बजावले.

हे पत्र आजही वाचायला मिळते. लढाई म्हटली की आपल्याला तलवार आठवते. पण इथे अडले होते कशापायी? भातापायी. कचेरीतला कागद एक महिना पडून राहिला, तर दर्यावरचा माणूस उपाशी राहतो. महाराजांना हे पक्के ठाऊक होते.

1676 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जंजिऱ्यावर मोहीम नेली. त्या वेळची लाय पाटील या कोळ्याची गोष्ट सांगतात. रात्रीच्या काळोखात त्याने किल्ल्याच्या तटाला शिड्या लावून दिल्या, पण चढणारी फौज वेळेवर पोचली नाही. पहाट व्हायला आली, तेव्हा शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यावरची माणसे, पालखी काय करायची? मग त्याला गलबत दिले आणि त्याचे नाव पालखी ठेवले. ही जुन्या बखरीतली गोष्ट आहे. पत्र आणि गोष्ट यांत फरक असतो. पत्र त्याच वेळी लिहिलेले असते, गोष्ट मागाहून सांगितलेली असते. वाचणाऱ्याने हा भेद ओळखावा.

1682 मध्ये संभाजी महाराजांनी स्वतः वेढा चालवला. दगड, लाकडे टाकून समुद्रात वाट बांधायला सुरुवात केली. पण मोगल फौज कल्याणच्या बाजूने कोकणात उतरली आणि महाराजांना तिकडे जावे लागले. वाट अर्धीच राहिली.

बेट का पडले नाही?

याची कारणे मोजून पाहू.

एक: पाणी. जवळचा किनारा एक किलोमीटरच्या आतबाहेर, पण पाणी खोल आणि ओढ जबर. तट थेट पाण्यातून उठलेला. शिडी टेकवायला जमीन नाही.

दोन: तोफा आणि गोडे पाणी. तटावर लांब पल्ल्याच्या तोफा होत्या. कलालबांगडी ही थोरली तोफ आजही तिथे दिसते. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. चहूकडे खारे पाणी असून किल्ला तहानेने मेला नाही.

तीन: पावसाळा. आपण दर्याकाठची माणसे, नारळी पौर्णिमेपर्यंत होडी घालत नाही. वेढाही तसाच. पावसाळा आला की आरमार खाडीत शिरे आणि वेढा सुटे. सिद्दीची गलबते मात्र मुंबईत माझगावला इंग्रजांच्या आसऱ्याला राहत.

चार: बाहेरची मदत. हे सर्वांत मोठे कारण. मोगलांना मराठ्यांच्या अंगाला टोचणारा काटा हवा होता. इंग्रजांना सुरतेचा व्यापार सांभाळायचा होता, म्हणून ते बादशहाला दुखवत नसत. लहान बेट एकटे कधी नव्हते.

मधल्या माणसांचे हाल

आता दुसरा प्रश्न. किंमत कोणी मोजली?

1689 नंतर मराठ्यांचे राज्य संकटात सापडले. रायगड गेला, आणि पुढे आपल्याकडची अंजनवेल आणि चिपळूणजवळचा गोवळकोटही सिद्दीच्या ताब्यात आले. गावांना दोन धनी झाले. एकाला पट्टी द्यावी तर दुसरा चिडे. एकाला भात द्यावे तर दुसरा घर जाळी. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या त्रासामुळे देश सोडून घाटावर गेले. ते पुढे पेशवे झाले, म्हणून त्यांचे नाव राहिले. ज्यांची गुरे गेली, पोरे गेली, त्या खारव्या-कुणब्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

1727 मध्ये अंजनवेलच्या सिद्दी साताने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाची नासधूस केली. निमित्त काय, तर एक हत्ती! सिद्दीकडे जायचा हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी पकडला आणि संशय ब्रह्मेंद्रस्वामींवर आला. जंजिऱ्याचे सिद्दी या स्वामींना मान देत असत, हेही लक्षात ठेवा. तरी ठिणगी पडायची ती पडली. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले.

1733 मध्ये बाजीराव पेशवे उतरले. रायगड परत मिळाला, पण जंजिरा नाही. शेवटी तह झाला. 1736 मध्ये चिमाजीअप्पांनी लढाईत सिद्दी साताला मारले आणि पुन्हा तह झाला. 1745 मध्ये तुळाजी आंग्र्यांनी अंजनवेल आणि गोवळकोट घेतले. जंजिरा मात्र राहिला तो राहिलाच. 1948 मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा हे प्रकरण मिटले.

आजच्या जगात

असा पेच आजही आहे. चीन देशासमोर समुद्रात तैवान बेट आहे. मधले पाणी अरुंद जागी सुमारे 130 किलोमीटर. चीनची वस्ती 140 कोटींच्या घरात, तैवानची सुमारे 2 कोटी 30 लाख. 1949 मध्ये चीनमधल्या यादवीत हरलेला पक्ष तैवानात गेला. तेव्हापासून दोन्हीकडे वेगळी सरकारे आहेत. चीन म्हणतो, हे बेट आमचे. तैवानात लोक मते देऊन आपले सरकार निवडतात. अमेरिका त्यांना शस्त्रे विकते. 1958 मध्ये चीनने किनाऱ्यालगतच्या किनमेन बेटावर तोफा डागल्या. ऑगस्ट 2022 मध्ये तैवानभोवती मोठ्या लष्करी कवायती केल्या.

दोन्ही गोष्टी अगदी एकसारख्या नाहीत. सिद्दीचे राज्य लोकांनी निवडलेले नव्हते. पण खोल पाणी, पाठीशी तिसरा बलवान, आणि मध्ये साधी माणसे, हे तिन्ही तिथेही आहे. आपल्या जिल्ह्यातली मुले मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून जातात, ती याच पूर्वेच्या समुद्रातून. म्हणून लांबच्या भांडणाची बातमी आपणही वाचावी.

वाचताना तीन गोष्टी विचारा. भांडण कशासाठी आहे? पाठीमागे कोण उभा आहे? आणि किनाऱ्यावर कोण राहतो? तिसरा प्रश्न बातमीत सहसा नसतो. तो आपण विचारायचा.

प्रश्न

1. जंजिरा हे नाव कशावरून पडले?
2. प्रभावळीच्या सुभेदारावर महाराज का रागावले?
3. बेट न पडण्याची चार कारणे आपल्या शब्दांत लिहा.
4. तुमच्या गावातल्या जाणत्या माणसाला जवळच्या किल्ल्याची गोष्ट विचारा आणि पाच ओळी लिहा. त्यात कोणती गोष्ट ऐकीव आणि कोणती लिहिलेली, हेही सांगा.