ट्रायकोकार्ड आणि घरचा फ्रीज : बिघाड कसा ओळखावा, कसा दूर करावा

ट्रायकोकार्ड लावूनही अळीचा प्रादुर्भाव कमी झाला नाही, ही तक्रार विस्तार कार्यकर्त्यांच्या कानावर प्रत्येक हंगामात येते. अशा वेळी बहुधा दोनच निष्कर्ष काढले जातात : कार्ड निकृष्ट होते, किंवा मित्रकीटकांचा मुळात उपयोगच होत नाही. दोन्ही निष्कर्षांचा शेवट एकच असतो. पुढच्या आठवड्यात पंपात पुन्हा कीटकनाशक भरले जाते. प्रयोगशाळेतून निघालेले कार्ड पिकाच्या पानावर पोहोचण्यापूर्वी ज्या घरगुती फ्रीजमध्ये चार-आठ दिवस राहिले, त्याची तपासणी मात्र क्वचितच केली जाते. ती कशी करावी, याचा विचार येथे केला आहे. फ्रीज दूध-भाजीसाठी ठीक चालतो म्हणजे तो कार्डासाठीही ठीक आहे, असे गृहीत धरता येत नाही.

कार्ड म्हणजे तांदळावरील पतंगाची, अर्थात कॉर्सिराची, चिकटवलेली अंडी. ट्रायकोग्रामाची मादी या अंड्यांत आपली अंडी घालते. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी परोपजीवीग्रस्त अंडी काळी पडतात आणि २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात सात ते नऊ दिवसांत प्रौढ बाहेर पडतात. हा प्रौढ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कार्ड सुमारे १० अंश तापमानात ठेवल्यास ही वाढ मंदावते व एक-दोन आठवड्यांची सवड मिळते. तापमान शून्याकडे गेले, तर अंड्यातील जीव मरतो किंवा दुबळे, पंख न उलगडलेले प्रौढ निघतात. ते वर चढले, तर प्रौढ पिशवीतच बाहेर पडून मरून जातात. वरून पाहता दोन्ही कार्डे काळीच दिसतात, हीच खरी अडचण आहे.

म्हणून कार्ड हाती येताच त्याच्या दोन लहान पट्ट्या कापाव्यात. एक पट्टी काचेच्या नळीत ठेवून तोंडाला कापसाचा बोळा लावावा व ती घरातच सावलीत ठेवावी. दुसरी पट्टी उरलेल्या कार्डासोबत फ्रीजमध्ये ठेवावी आणि कार्ड बाहेर काढतेवेळी तशाच दुसऱ्या नळीत घालावी. प्रौढ बाहेर पडलेल्या प्रत्येक काळ्या अंड्यावर बारीक गोल छिद्र दिसते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने शंभर अंडी मोजली तरी पुरते. दोन्ही पट्ट्यांत छिद्रे कमी असतील, तर पुरवठादाराकडे तक्रार करावी. पहिलीत भरपूर आणि दुसरीत कमी असतील, तर दोष फ्रीजचा आहे. या दोन पट्ट्यांनी पुष्कळ वाद मिटतात.

तापमान मोजणे

फ्रीजच्या आतील बटणावरील १ ते ५ किंवा ७ हे आकडे तापमानाचे नसतात. आकडा जितका मोठा तितका गारवा अधिक, एवढाच त्यांचा अर्थ. खरे तापमान पाहण्यासाठी पाण्याने भरलेल्या पेल्यात साधा तापमापक बुडवून पेला रात्रभर आत ठेवावा व सकाळी दार उघडताच वाचन घ्यावे. हवेचे तापमान दार उघडताक्षणी बदलते, पाण्याचे बदलत नाही. बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे, मधली फळी आणि तळाचा भाजीचा कप्पा अशा तीन जागी हे वाचन घ्यावे.

एकदारी फ्रीजमध्ये गारवा वरच्या बर्फाच्या कप्प्यातून खाली उतरतो. त्यामुळे लगतचा ट्रे सर्वांत थंड आणि भाजीचा कप्पा सर्वांत कमी थंड असतो. दोनदारी फ्रीजमध्ये पंखा थंड हवा मागील झरोक्यांतून खाली ढकलतो; झरोक्यासमोर ठेवलेली वस्तू गोठू शकते. घरातील दुधाला ४ ते ५ अंश तापमान हवे, कार्डाला १०. एकाच फ्रीजमध्ये दोन्ही साधायचे असेल, तर प्रश्न बटणाचा नसून जागेचा असतो, आणि ती जागा बहुतेक वेळा भाजीचा कप्पा ही असते. दाराची फळी पुरेशी गार नसते असे नाही, परंतु घरातील प्रत्येक माणसाबरोबर ती उघडते. कार्डे झाकणाच्या छोट्या थर्माकोल डब्यात ठेवल्यास हे चढउतार सौम्य होतात. सरासरी तापमान मात्र त्यामुळे बदलत नाही.

गारवा अधिक किंवा कमी

दुधाच्या पिशवीत बर्फाचे कण दिसणे किंवा कोथिंबीर काचेसारखी होणे ही अतिथंडाव्याची खूण आहे. उन्हाळ्यात वाढवलेले बटण हिवाळ्यातही तसेच राहिलेले असते, हे कारण सर्वांत सामान्य. बटण खाली आणूनही कॉम्प्रेसर थांबत नसेल, तर तापमान नियंत्रक अडकलेला असावा व तो बदलावा लागतो.

गारवा कमी पडण्याची कारणे अधिक आहेत आणि त्यांतील निम्म्याहून जास्त घरातच दूर करता येतात. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यावर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड हिमाचा थर साचला, की तो थरच गारवा अडवतो. वर बर्फ भरपूर आणि खाली भाजी कोमट, हे वरवर विसंगत वाटणारे चित्र त्यामुळे तयार होते. अशा वेळी कार्डे थर्माकोल डब्यात हलवून हिम वितळवण्याचे बटण दाबावे. हिम सुरीने वा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. कप्प्याच्या भिंतीतील नळीला छिद्र पडल्यास सर्व वायू निघून जातो आणि अशी दुरुस्ती पुष्कळदा फ्रीजच्या किमतीशी स्पर्धा करते.

दोनदारी, हिमरहित फ्रीजमध्ये हेच लक्षण दिसले, तर मागील पडद्याआड बर्फ साचून हवेचा मार्ग बंद झालेला असतो. फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दारे उघडी ठेवून पूर्ण एक दिवस तसाच ठेवावा. त्यानंतर तो सुधारला आणि काही दिवसांत पुन्हा बिघडला, तर हिम वितळवणारा हीटर किंवा त्याचा नियंत्रक निकामी झाला आहे असे समजून तंत्रज्ञाला बोलवावे.

दाराचे रबर तपासण्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व पट्टी ओढावी. ती सहज निघून आली, तर तेथून गारवा निसटत आहे. पुष्कळदा रबर खराब नसते, त्यात दुधाचा व तेलाचा चिकटा बसलेला असतो. कोमट साबणपाण्याने ते पुसावे. पाठीमागील जाळीवर साचलेली धूळ मऊ ब्रशने, प्लग काढून, झाडावी. अनेक नव्या फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते. तेथे पत्रा कोमट लागणे हा बिघाड नव्हे, मात्र त्याला धान्याची पोती टेकवून ठेवू नयेत. फ्रीजची जागा चुलीजवळ किंवा पश्चिमेचे ऊन येणाऱ्या भिंतीशी असेल, तर दुरुस्तीपूर्वी जागा बदलावी.

कॉम्प्रेसर अखंड चालतो, तरी बर्फाच्या कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात हिम धरते, हे वायू कमी झाल्याचे लक्षण आहे. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वलनशील वायू असतो. फ्रीजवरील पट्टीवर त्याची नोंद असते. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच आहे.

वीज

कॉम्प्रेसर गुणगुणतो, 'टक' आवाज होतो, तो बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच घडते. शेतावरील घरांत याचे पहिले कारण कमी विद्युतदाब हेच असते. त्यानंतर कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले. सायंकाळी कृषिपंप सुरू असताना दाब मोजावा. तो वारंवार १८० व्होल्टच्या खाली जात असेल, तर योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर आवश्यक आहे. वीज परत आल्यावर किमान तीन ते पाच मिनिटे थांबून फ्रीज सुरू व्हावा.

भारनियमनात दार न उघडल्यास सुमारे चार तास गारवा टिकतो. त्याहून अधिक खंड पडणाऱ्या ठिकाणी पाण्याच्या एक-दोन बाटल्या गोठवून तयार ठेवाव्यात व वीज जाताच भाजीच्या कप्प्याच्या वरच्या फळीवर आणाव्यात. घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली, हे कळण्याचा एक बिनखर्चिक उपाय आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे व वाटी बर्फाच्या कप्प्यात राहू द्यावी. परतल्यावर नाणे बर्फात रुतलेले किंवा तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला होता. त्या फ्रीजमधील कार्ड पट्टीची चाचणी घेतल्याशिवाय शेतात लावू नये.

पाणी, बुरशी आणि इतर पाहुणे

भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचत असेल, तर मागील भिंतीच्या तळाशी असलेले निचऱ्याचे छिद्र तुंबलेले असते. कोमट पाणी व लवचीक प्लास्टिक नळीने ते मोकळे करावे. ओलाव्यामुळे कार्डावर बुरशी येते. म्हणून कार्ड कागदात गुंडाळून मग पॉलिथिन पिशवीत ठेवावे.

निचऱ्याचे पाणी कॉम्प्रेसरवरील ट्रेमध्ये जमते. घरातील इतर सर्व भांडी कोरडी करूनही डेंग्यूच्या एडिस डासाची पैदास थांबत नाही, तेव्हा अळ्या या ट्रेमध्ये सापडू शकतात. तो दर आठवड्याला रिकामा करून घासावा. कॉम्प्रेसरची ऊब झुरळांनाही मानवते. त्यांच्यासाठी फ्रीजच्या आत-बाहेर फवारणी केली, तर आतील ट्रायकोग्रामाही वाचणार नाही, हे लक्षात ठेवावे. तेथे बाहेरच्या बाजूने जेलचे ठिपके पुरतात.

बर्फ

बर्फ हा या कामातील दुय्यम घटक नाही, कारण कार्डांचा शेवटचा प्रवास बर्फावरच होतो. ट्रेमधील बर्फ पूर्वीपेक्षा फार उशिरा धरत असेल, तर फ्रीझरचे तापमान वर गेले आहे. ही गारवा घटल्याची पहिली सूचना असते आणि ती भाजी कोमेजण्याच्या आधी मिळते. आइस मेकर असलेल्या मोठ्या फ्रीजमध्ये बर्फ पडणे थांबले, तर प्रथम पाण्याचा नळ व गाळणी पाहावी. जड पाण्याच्या भागात क्षार साचून गाळणी व झडप तुंबतात. पाणी येत असूनही तुकडे पडत नसतील, तर पाणी सोडणारी नळी गोठली आहे का ते पाहावे आणि फ्रीझरचे तापमान मोजावे; ते शून्याखाली १० अंशांच्या आसपास पोहोचत नसेल, तर यंत्र तुकडे सोडत नाही.

आणखी काय ठेवावे, काय ठेवू नये

एनपीव्ही विषाणूचे द्रावण आणि कामगंध सापळ्यांच्या ल्यूर फ्रीजमध्ये टिकतात. ल्यूर मूळ सीलबंद पाकिटातच असाव्यात. वेगवेगळ्या किडींच्या उघड्या ल्यूर एकत्र ठेवल्यास गंध मिसळतो. हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका हा उपयुक्त सूत्रकृमी मात्र उष्ण हवामानाचा आहे, त्याला फ्रीजचा गारवा मानवत नाही. तो थंड, सावलीच्या खोलीतच ठेवावा. सर्व जैविक निविष्ठा लेबल लावलेल्या बंद डब्यात, अन्नापासून अलग व मुलांच्या हाती न लागतील अशा असाव्यात. रासायनिक कीटकनाशक घरच्या फ्रीजमध्ये कोणत्याही कारणाने ठेवू नये.

कार्ड बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडल्यास त्यावर दव धरते. अर्धा तास ती बंदच ठेवावी. शेतात नेताना थर्माकोल डब्याच्या तळाशी बर्फाची बंद पिशवी, त्यावर वर्तमानपत्राच्या जाड घड्या आणि मग कार्डे अशी रचना करावी. कार्ड बर्फाला टेकू नये. डबा सायंकाळी, ऊन उतरल्यावर उघडावा व पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूस टाचाव्यात.