फावडे कोणाच्या हातात?

प्रश्न : ब्रिटनमधल्या वाफेच्या वारसा रेल्वेवर स्वयंसेवक स्त्रियांना इंजिनाऐवजी चहाच्या खिडकीवर पाठवतात, असे ऐकले. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे काम बायकांना खरेच झेपत नाही का?

उत्तर : झेपते. ते नुसत्या दंडाच्या जोराचे काम नाही. आग कुठे पातळ झाली हे ओळखून कोळसा नेमका तिथे टाकणे, चढ येण्याआधी वाफ तयार ठेवणे, बॉयलरमधले पाणी राखणे, हे सारे सरावाने येते. ‘त्या काळी पुरुषच होते, आम्ही इतिहास जपतो’ हा आक्षेपही टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रेल्वेवर लाखाच्या घरात स्त्रिया राबत होत्या. त्यांनी सिग्नल सांभाळले, इंजिने पुसली. ती मेहनत वारशातून वगळणे हाच इतिहासावरचा अन्याय आहे. शिवाय १९५१ साली वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांनी हाती घेतली, तेव्हापासून हौशी माणसे या गाड्या चालवतात. सुट्टीत इंजिन हाकणारा शिक्षक चालतो, तर शिक्षिका का नको? खरी अडचण कायद्यात आहे. कराराविना काम करणाऱ्या स्वयंसेवकांना नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे संरक्षण लागू होत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. म्हणून रेल्वे चालवणाऱ्या संस्थेकडे आधी प्रशिक्षणाचे निकष आणि तक्रारीची पद्धत लेखी मागा.