बांगडी मोराचा नमुना विकण्याआधी

चि. सई हिस,


बांगडी मोराचा तक्ता मिळाला. पैठणीच्या पदरावरचा मोर क्रॉस स्टिचच्या चौकटींत बसवायचा म्हणजे मानेचा बाक हमखास कोनेदार होतो. तुझा झालेला नाही, शाबास. आता तो विकायला काढणार म्हणतेस, तर चार गोष्टी स्पष्टच लिहिते. विकत घेणारी बाई सुई-दोरा घेऊन बसेल तेव्हा तू तिच्या शेजारी नसणार. तिला तोंडी सांगितलं असतंस ते सगळं फाइलमध्येच यायला हवं. एकही फोन न करता तिचं काम पुरं झालं, तर फाइल जमली म्हणायचं.

तू व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास, तो मोठा करून पाहिला. रेघांच्या कडेला करडी धूळ बसल्यासारखी दिसते आणि पिसाऱ्यातली दोन चिन्हं, गोल आणि चौकोन, एकसारखीच वाटतात. हा जेपीजीचा गुण. ती पद्धत १९९२ साली ठरली ती छायाचित्रांसाठी. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करायचे आणि डोळ्याला सहसा जाणवत नाही तेवढा तपशील टाकून द्यायचा. आंब्याच्या फोटोला हे चालून जातं, पांढऱ्यावरच्या बारीक काळ्या रेघेला नाही. शिवाय दुरुस्ती करून पुन्हा सेव्ह केलंस की पुन्हा थोडं गळतं. पीएनजीत काही गळत नाही, म्हणून रेघांचं काम त्यात ठेव. तक्ता मात्र ज्या प्रोग्रॅममध्ये काढलास तिथूनच थेट पीडीएफ कर, म्हणजे रेघ कितीही मोठी केली तरी रेघच राहते. स्क्रीनशॉट काढून पीडीएफमध्ये चिकटवला म्हणून तो सुधारत नाही. आणि व्हॉट्सॲपवरून पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

तुझ्या रंगीत चित्रांचं गणित वेगळं. ए-फोर कागदावर स्वच्छ छपाई हवी तर ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, तेवढा कॅनव्हास पहिल्यापासून घे. लहान चित्राचा नुसता आकडा मागाहून बदलून तपशील येत नाही. लेयर असलेली मूळ फाइल कुणाला देऊ नकोस आणि पुसूही नकोस. वाटायची ती तिच्यावरून काढलेली प्रत.

आता तक्त्याकडे वळते. १४० चौकटी एका ए-फोरच्या रुंदीत कोंबल्यास, एक चौकट जेमतेम दीड मिलिमीटरची होते. चाळिशी लागलेल्या बाईने ती मोजायची कशी? चार पानं कर. जोडाच्या दोन ओळी पुढच्या पानावर फिक्या रंगात पुन्हा दे, दर दहा चौकटींना जाड रेघ मार आणि मध्यबिंदू बाणाने दाखव. बऱ्याच जणी गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून काळी-पांढरी प्रत काढतात, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नकोस, प्रत्येक रंगाला वेगळं चिन्ह हवं. दोऱ्याचा नंबर कंपनीच्या नावासकट लिही. काळाच घे, अँकरचा ४०३ आणि डीएमसीचा ३१०. कापडही सांग. १४० टाके १४ काउंटच्या कापडावर दहा इंच भरतात, ११ काउंटवर पावणेतेरा. हे न सांगता फ्रेम आधी करून आणायला लावलीस, तर शिव्या तुलाच बसतील.

कुंचीचं पेपर कटिंगही विकणार आहेस ना? तिथे माप हाच जीव. प्रिंटर ‘फिट टू पेज’वर असला की पान गुपचूप आकसतं. नुसत्या तीन टक्क्यांनी वीस सेंटिमीटरचे एकोणीस पॉइंट चार होतात आणि बाळाच्या डोक्यात कुंची जात नाही. पहिल्याच पानावर पाच सेंटिमीटरचा चौकोन काढ आणि खाली लिही: ‘ॲक्च्युअल साइजवर छापा, हा चौकोन पट्टीने मोजा, मगच कापडाला कात्री लावा.’ अमेरिकेतल्या मराठी बायकाही घेतील. त्यांचा लेटर कागद आपल्या ए-फोरपेक्षा थोडा रुंद पण अठरा मिलिमीटर आखूड असतो, म्हणून खाली भरपूर समास सोड.

मराठी सूचना युनिकोडमध्येच टाइप कर. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कसा अगम्य होतो, ते तू लग्नपत्रिकांच्या वेळी पाहिलंच आहेस. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत झालाय ना, तेही तपास.

‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरं फायनल’ असली नावं बंद. नमुन्याचं नाव, आवृत्ती, तारीख, बस्स. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव, एकट्या फोनच्या भरवशावर राहू नकोस.

प्रत्येक पानाच्या तळाशी तुझं नाव आणि साल घाल. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने चित्रावरचा हक्क नोंदणी न करताही मिळतो, पण नाव दिसलं की चोरणारा जरा बिचकतो. मात्र तुझी आहे ती मांडणी. बांगडी मोर येवल्या-पैठणच्या विणकरांचा आहे, तेही तिथेच लिही. त्यात कमीपणा नाही.

किंमत ठरवण्याआधी एक कर. पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे काळी-पांढरी छापून घे आणि या कामातलं फारसं न कळणाऱ्या मैत्रिणीला दे. मोराची चोच आणि मान तिने तुझ्यासमोर भरू दे, तू मध्ये अवाक्षर बोलू नकोस. ती जिथे थांबून तुझ्याकडे बघेल, तिथे फाइलमध्ये एक ओळ कमी आहे. ती ओळ घाल आणि मगच विकायला काढ.

तुझी,
मावशी